इंदूरच्या काचा आणि मामांचा साठ अंशांचा कोन

इंदूरला गेलेल्या माणसाने रात्री सराफ्यात जाऊन खाल्लेच पाहिजे, असा तिथल्या नातेवाइकांचा दंडक आहे. तो पाळला, गर्दीत धक्के खाल्ले, आणि त्याविषयी सांगण्यासारखे इतकेच. मांडूचा दिवस पावसाने खाल्ला. मन रमले ते काचांतच.

सेठ हुकुमचंद यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतवारिया बाजारात बांधवलेल्या काच मंदिरात भिंती, खांब, छत, इतकेच काय, पायाखालची जमीनही काचेने मढवलेली आहे. समोरासमोरच्या आरशांतील प्रतिमांच्या रांगेकडे बोट दाखवून एक गृहस्थ ‘अनंत, अनंत’ असे मोठ्याने समजावत होते. शांतपणे पाहू देतील तर शपथ!

रामबागेत राहणाऱ्या मामांना हे सांगितले, तेव्हा ते म्हणाले, “अनंत कसलं? दर परावर्तनात थोडा उजेड आरसाच गिळतो. रांग काळवंडत जाते.” निवृत्तीनंतर मामा हाताने शोभादर्शक, म्हणजे नळीतल्या आरशांत काचेच्या तुकड्यांची नक्षी दाखवणारे कॅलिडोस्कोप, तयार करतात. त्यांच्या मते समांतर आरशांत काही कसब नाही. कसब आहे ते आरसे कोनात बसवण्यात. साठ अंशांचा कोन केला, की मूळ तुकडा आणि त्याच्या पाच प्रतिमा मिळून सहा पाकळ्यांचे वर्तुळ पूर्ण होते. तीस अंशांत बारा पाकळ्या होतात, पण मागच्या पाकळ्या मंद दिसतात.

“मग बहात्तर का नको? तीनशे साठला बरोबर पाचने भाग जातो,” असे मी विचारले. मामांनी न बोलता कोनमापक लावून आरसे तेवढे उघडले आणि बांगडीचा एक वेडावाकडा तुकडा मध्ये ठेवला. पाठीमागच्या सांध्यावर दोन पाकळ्या एकमेकींशी जुळेनात. शेजारची प्रत्येक पाकळी आधीच्या पाकळीची उलटी प्रतिमा असावी लागते, म्हणून पाकळ्यांची संख्या समच हवी. साठ अंशांतही कोन किंचित चुकला, तरी सर्वांत मागच्या पाकळीत, जिथे दोन्ही आरशांतून आलेल्या प्रतिमा एकत्र येतात, तिथे रेघ तुटते.

घरातला साधा आरसा त्यांना चालत नाही. त्याची कलई काचेच्या मागे असल्यामुळे पुढच्या पृष्ठभागावरून दुसरी पुसट प्रतिमा उठते. म्हणून भंगारवाल्याकडून जुन्या झेरॉक्स यंत्रांतल्या लांबट पट्ट्या ते आणतात. त्यांचा लेप पुढच्याच बाजूला असतो, आणि त्यावर कोणी बोट टेकवले तर मामा अक्षरशः ओरडतात. मामीही त्या टेबलापासून दूरच राहतात.

डोळा लावायचे भोक मध्यभागी नसून आरशांच्या सांध्याजवळ होते. स्कॉटलंडच्या डेव्हिड ब्रूस्टर यांनी 1816 मध्ये हे उपकरण शोधले आणि 1817 मध्ये त्याचे पेटंट घेतले. डोळा सांध्याजवळ असावा आणि काचांचे तुकडे आरशांच्या टोकाला अगदी भिडलेले असावेत, या अटी त्यांच्याच. बाजारातली खेळणी बनवणाऱ्यांना याचे सोयरसुतक नसावे.

मला ग्लिसरिन भरलेला नमुना फार आवडला, कारण त्यात तुकडे खडखडत न पडता सावकाश तरंगत खाली येतात. मामांनी तो द्यायचे साफ नाकारले: इंदूरच्या मे महिन्यात ग्लिसरिन फुगते, सांधा गळतो आणि आरशांची वाट लागते. शेवटी कोरड्या तुकड्यांचाच मिळाला, साठ अंशांचा.