पेवात सापडलेली शिवराई

सोलापूरकडच्या काळ्या रानात एप्रिलमध्ये खाली बघूनच चालावं लागतं. भेगा अशा उलतात की चप्पल अडकते, आणि काडी सोडली तर कुठवर गेली ते कळत नाही. पाऊस पडला की हीच माती फुगते, भेगा मिटतात, आणि आत पडलेलं आतच राहतं. शेतकऱ्याला यात काही नवल नाही. मला मात्र या भेगांची फार काळजी असते, कारण सीनाकाठच्या एका पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या, टेकाडावर उत्खनन चालू आहे आणि तिथं मी थरांची आणि सापडलेल्या वस्तूंची नोंद ठेवते. वरच्या थरातला काचेचा मणी भेगेतून हातभर खाली गेला आणि तसाच नोंदला गेला, तर खालच्या थराचा काळच बदलतो. कोळशाचं तर आणखी अवघड. कार्बन १४ चाचणी त्या तुकड्याचं वय सांगते, तो तिथं कसा आला ते सांगत नाही.

म्हणून आम्ही भेगेला स्वतंत्र क्रमांक देतो. तिच्यातली माती भुसभुशीत असते, रंग जरा वेगळा असतो, खुरप्याखाली आवाजही वेगळा येतो. ती आधी रिकामी करायची, तिच्यातलं सगळं वेगळ्या पिशवीत, आणि मगच शेजारच्या थराला हात लावायचा. यात वेळ जातो. जाऊ दे.

आमच्या टेकाडाचा क्रम खालून वर असा: तळाला मुरूम, त्यावर माणसाचा स्पर्श नसलेली काळी माती, त्यात चुनखडीचे खडे. त्यावर पांढरी, म्हणजे राख, शेण, ढासळलेल्या भिंती आणि फुटकी गाडगी साचून झालेली राखाडी माती. पांढरीचे थर मात्र एकावर एक सरळ बसलेले कधीच नसतात. माणसं खड्डे खणतात, चर काढतात, जुन्या भिंतींचे दगड उपसून नेतात. आणि आमच्या भागात माणसं पेवं, म्हणजे धान्य साठवायचे जमिनीखालचे खड्डे, खणतात.

गेल्या हंगामात खणायला आखलेल्या एका चौकोनात सव्वादोन मीटर खोलीवर तांब्याची शिवराई, म्हणजे शिवकाळापासूनचं नाणं, मिळालं. तिच्या आजूबाजूला सातवाहनकाळची काळी-तांबडी खापरं. नुसती खोली लिहिली असती तर पुढं वाचणाऱ्यानं काय समजायचं? त्याच चौकोनात दीड मीटरवर सातवाहनांचं शिशाचं नाणं होतं. म्हणजे पंधराशे वर्षांनी जुनं नाणं वर आणि नवं खाली. याचं उत्तर चौकोनाच्या भिंतीत, म्हणजे खणताना कडेला उभ्या राहिलेल्या मातीत, होतं. कामावरच्या मामांनी ते माझ्याआधी पाहिलं. म्हणाले, “ताई, हितली माती बघा की, हातानं सुटतीया. पलीकडची सुटंना. पेव हाय हे, जुंधळ्याचं.” ज्या माणसानं लहानपणी घरच्या पेवातून ज्वारी काढलेली बघितली आहे, त्याला पेवाची कड लगेच ओळखू येते. आम्ही पाणी शिंपडलं, आणि तोंडाशी अरुंद, खाली फुगत गेलेला आकार स्पष्ट उमटला. खणणाऱ्यांनी सातवाहनांचे थर कापत काळ्या मातीपर्यंत पेव नेलं होतं. पुढं ते बुजवताना उपसलेलीच माती परत आत लोटली, म्हणून जुनी खापरं आणि शिवराई एकत्र आली.

अशा वेळी सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हा की पेव खणायला सुरुवात कोणत्या थरावरून झाली. पेव त्या थरानंतरचं, आणि त्याचं तोंड झाकणाऱ्या थराच्या आधीचं. एवढं पक्कं झालं की बाकीचं सुटत जातं. दोन चौकोनांच्या मध्ये न खणता राखलेली भिंत याचसाठी असते. मॉर्टिमर व्हीलर १९४४ ते १९४८ या काळात भारतीय पुरातत्त्व खात्याचे महासंचालक होते, तेव्हा त्यांनी ही पद्धत आपल्याकडं शिकवली. पुढं १९७३ मध्ये एडवर्ड हॅरिस यांनी ‘कोण आधी, कोण नंतर’ एवढंच दाखवणारा तक्ता तयार केला. मी दोन्ही करते. भिंतीचं चित्र एकास वीस प्रमाणात, आडवी सुतळी ताणून, ओळंबा सोडून. सकाळी नऊच्या आत, कारण नंतर शिंपडलेलं पाणी बघता बघता उडून जातं आणि सगळे थर एकाच रंगाचे दिसू लागतात.

पिशवीत दोन चिठ्ठ्या, एक आत, एक बाहेर बांधलेली. शक्यतो पेन्सिलनं लिहिलेल्या. शाई घामानं फुटते, उन्हानं उडते, पेन्सिल टिकते. वस्तू मोठी असेल तर चौकोनाच्या दोन कडांपासूनचं अंतर आणि ठरावीक खुणेपासूनची खोली, अशी तीन मापं, आणि थराचा क्रमांक.

हत्तरसंग-कुडलच्या शिलालेखात शके ९४० कोरलेलं आहे, आपलं वय तो स्वतःच सांगतो. खापराला तेवढंही बोलता येत नाही, त्याचा सगळा इतिहास त्याच्या जागेत असतो. बार्शीच्या पलीकडं तेरला गेले की हे फार जाणवतं. ‘पेरिप्लस’ या जुन्या ग्रीक प्रवास-व्यापाराच्या पुस्तकातलं तगर ते हेच, पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचं. रामलिंगप्पा लामतुरे यांनी तिथल्या वस्तू गोळा करून जपल्या नसत्या तर त्या कधीच विखुरल्या असत्या, त्यांचे उपकार मोठे आहेत. पण माळवदावर टाकायला आणि रानात खत म्हणून पांढरी गाड्या भरभरून न्यायचा रिवाज आपल्याकडं गावोगावी होता. त्यातून वर आलेली मूर्ती हातात येते, तिचा थर येत नाही.

सीना-भीमाकाठी ज्यांचं रान आहे त्यांना माझी विनंती आहे. नांगराला किंवा जेसीबीला काही लागलं तर उचलण्याआधी मोबाइलवर फोटो काढा, शेजारी मापासाठी पेन ठेवा. बाजूची माती कशी आहे तेही फोटोत येऊ द्या. गट नंबर आणि साधारण खोली लिहून ठेवा. नाणं चिंचेनं घासू नका, खापर धुऊ नका. तलाठ्याला किंवा तहसील कचेरीत कळवा. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार मौल्यवान ठेव्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावीच लागते. आणि जवळ कुठं आमच्यासारखं काम सुरू असेल तर सरळ तिथं या. आम्ही टेप घेऊन तुमच्या बांधावर येऊ.