आठ हात वर, दोन खाली, आणि ठराव फेल

रिटायर होऊन बरेच दिवस झाले त्यामुळे आता सांगायला हरकत नाही, गावाचं नाव मात्र सांगणार नाही आणि त्या ताईंचं तर अजिबातच नाही.

मी तहसीलला अव्वल कारकून होतो. २०१५च्या आसपासची गोष्ट, म्हणजे सरपंच थेट जनतेतून निवडायला लागले त्याच्या आधीची, तेव्हा सदस्यच आपल्यातून सरपंच निवडायचे आणि मन भरलं की अविश्वास आणायचे. अविश्वासाची नोटीस तहसीलदाराकडे आली की सात दिवसांच्या आत विशेष सभा लावायची आणि अध्यक्षस्थानी स्वतः तहसीलदार. मी बरोबर जायचो प्रोसिडिंग, म्हणजे सभेचं इतिवृत्त, लिहायला. अशा सभा मी डझनभर तरी लिहिल्या असतील, पण ही एकच अजून डोक्यात आहे.

गावात ११ सदस्य. सरपंचपद महिला राखीव. नोटिशीवर ९ सह्या. आता यातली मेख अशी की साधा सरपंच असेल तर दोन तृतीयांश लागायचे, पण राखीव जागेवरची बाई सरपंच असेल तर तीन चतुर्थांश, आणि तेही हजर असलेल्यांचे नाही हां, एकूण सदस्यांचे. ११चे तीन चतुर्थांश म्हणजे सव्वाआठ, म्हणजे नऊच पाहिजेत. आठ चालत नाहीत. म्हणजे त्या नऊपैकी एकाचं पोट जरी बिघडलं तरी संपलं.

म्हणून तर सहल. नोटीस पडली त्या रात्रीच नऊच्या नऊ जण गायब, मोबाईल काढून घेतलेले, कोण म्हणे गणपतीपुळ्याला आहेत कोण म्हणे गोव्याला. सभेच्या दिवशी अकराला पाच कमी असताना क्रूझर ग्रामपंचायतीच्या दारात. गडी टोप्या घालून खुशीत, तीन बाया सदस्य होत्या त्या मात्र थकलेल्या, एकीच्या काखेत लहान पोर. बंदोबस्ताला चार पोलीस, आणि अख्खं गाव पारावर.

भांडण कशाचं होतं तर गटाराच्या बिलाचं. चेकवर सरपंच आणि ग्रामसेवक दोघांची सही लागायची, बाई म्हणत होत्या मोजमाप झाल्याशिवाय सही करणार नाही. हे एका बाजूचं. दुसरी बाजू म्हणायची बाई नावाला आहे, कारभार नवराच बघतो आणि तो कुणाला विचारत नाही. दोन्हीत तथ्य असावं. असो, ते ठरवायला आम्ही गेलो नव्हतो.

सगळ्यांनी हजेरीवर सह्या केल्या. नवऱ्यांना, दिरांना बाहेर काढलं, ते लगेच खिडकीच्या गजाला येऊन चिकटले. तहसीलदार साहेबांनी ठराव वाचून दाखवला. सरपंच बाईंना बोलायचा हक्क होता आणि मतही होतं, त्या दोन मिनिटं बोलल्या, आवाज कापत होता पण बोलल्या. मग साहेब म्हणाले आता मतदान घेऊ, हात वर करून.

तेवढ्यात तीन नंबर वॉर्डातल्या ताई उठल्या. "साहेब, पाणी पिऊन येते." आणि साहेब हो नाही म्हणायच्या आत मागच्या दारानं बाहेर. मागं लागूनच अंगणवाडीची खोली, तिथं जाऊन बसल्या.

दोन मिनिटं झाली, पाच झाली. सहलीच्या म्होरक्याला घाम. "साहेब, बोलवा की त्यांना." साहेब म्हणाले तुम्ही हाक मारा, मला कुणाला धरून आणायचा अधिकार नाही. शिपायानं जाऊन सांगितलं, ताई म्हणाल्या येते, आल्या नाहीत. ताईंचा खिडकीतला नवरा मागच्या बाजूला पळाला, तिथं अंगणवाडी सेविकेनं आतनं कडी लावलेली. (ही कडी मी प्रोसिडिंगमध्ये लिहिलेली नाही.) शेवटी साहेबांनी घड्याळ बघितलं आणि मतदान घेतलं. बाजूने आठ हात. विरोधात दोन, सरपंच आणि उपसरपंच. ठराव फेटाळला.

मग जे झालं ते विचारू नका. आठ हात वर, दोन खाली आणि हरले आठ, हे पाराला कसं समजवायचं? साहेबांनी नियम वाचला, कुणी ऐकेना. एक म्हातारा मला म्हणाला, "भाऊसाहेब, ही कसली लोकशाही, पाणी प्यायला गेलेली बाई जिंकली."

आणि खरं सांगतो तेव्हा मलाही तसंच वाटलं होतं. मत द्यायला निवडून दिलंय ना, मग बस आणि दे, बाजूने दे नाहीतर विरोधात दे, पळायचं काय. हे माझं टीव्हीवर विधानसभा बघूनही मत होतं आणि आमदारांच्या बाबतीत अजूनही आहे. तिथं सभात्याग करून तसंही काही अडत नाही, कोरम, म्हणजे कामकाजाला लागणारी किमान हजेरी, एक दशांश म्हणजे २८८चे २९, आणि बहुमत हजर राहून मत देणाऱ्यांचं. ३० नोव्हेंबर २०१९ला ठाकरे सरकारच्या विश्वासदर्शक ठरावाला भाजप बाहेर गेला, १६९ मतांनी ठराव पास, विरोधात शून्य, चार तटस्थ. बाहेर गेल्यानं समोरच्याचंच काम सोपं झालं. ४ जुलै २०२२ला तर शिंदे सरकारच्या वेळी काही आमदार नुसते उशिरा पोचले आणि दरवाजे बंद, १६४ विरुद्ध ९९. खरोखर अडवायचं असेल तर अमेरिकेत टेक्सासला बघा, तिथं १५०पैकी १०० हजर पाहिजेत, म्हणून २०२५च्या ऑगस्टमध्ये पन्नासच्या वर डेमोक्रॅट आमदार राज्य सोडूनच गेले, बरेचसे इलिनॉयला, मतदारसंघाचा नवा नकाशा अडवायला. रोजचा ५०० डॉलर दंड, अटक वॉरंट, आणि दोन आठवड्यांनी परत आले तेव्हा नकाशा मंजूर झालाच. पण त्या दोन आठवड्यांत अख्ख्या देशाला कळलं की नकाशात काय चाललंय. आपली सहल आणि त्यांची सहल यात फरक एवढाच की आपल्याकडे मत पडावं म्हणून नेतात, ते पडू नये म्हणून गेले.

पण आमदाराला माईक असतो, कॅमेरा असतो, बाहेर जायच्या आधी तासभर बोलता येतं. पक्षाचा व्हिप, म्हणजे मत कसं द्यायचं याचा आदेश, असला तरी तो कागदावर असतो आणि तो मोडला, अगदी तटस्थ राहिलं तरी, काय होणार ते आधीच माहीत असतं. ग्रामपंचायतीला पक्षच नाही तर व्हिप कुठला. ताईंचा व्हिप खिडकीत उभा होता, तंबाखू मळत. हात वर केला असता तर ज्या बाईनं त्यांच्या वाडीवर नळ आणला (हे मला नंतर तलाठ्यानं सांगितलं) तिला खाली ओढायला लागलं असतं, आणि हात खाली ठेवला असता तर संध्याकाळी घरी जायचं होतं. पाण्याचं निमित्त हेच त्यांचं मत होतं, दुसरं देताच येत नव्हतं. तरी त्या आठ जणांवर अन्याय झाला नाही असंही मी म्हणणार नाही, त्यातले दोन तरी मनापासून आलेले होते.

माझी पंचाईत वेगळीच. प्रोसिडिंगात लिहायचं काय? गैरहजर लिहावं तर हजेरीला सही आहे. तटस्थ लिहावं तर खोलीतच नव्हत्या. सभात्याग लिहावं तर बाई म्हणाली होती पाणी पिऊन येते, आणि उद्या कुणी जिल्हाधिकाऱ्यांकडे वादात गेलं तर एकेका शब्दाचा कीस पडणार. साहेब म्हणाले, जे दिसलं तेवढंच लिही. मी लिहिलं, "मतदानाच्या वेळी सदर सदस्या सभागृहात उपस्थित नव्हत्या."

गर्दी पांगल्यावर ताई आल्या, डोक्यावर पदर, ओठ कोरडेच. पाणी प्यायलाच नव्हत्या. प्रोसिडिंगवर सही करायच्या आधी मला म्हणाल्या, "भाऊ, काय लिहिलंय ते वाचून दाखवा." मी ते वाक्य वाचलं. त्यांनी परत एकदा वाचायला लावलं, आणि विचारलं, "पळाली असं नाही ना लिहिलं?"

नाही म्हणालो. मग सही केली, एकेक अक्षर जोडून, आणि बाहेर नवरा मोटारसायकल चालू करून थांबला होता तिकडं गेल्या.