फक्त बाबांच्याच कॉम्प्युटरवर

मंगळवार, रात्री

वाचनालयाची साइट बाबांच्या कॉम्प्युटरवर उघडत नाही, हे आज आईकडून कळलं. बाबा स्वतः बोलले नसते. वार्षिक सभेत त्यांनी ग्रंथखरेदीच्या हिशेबावर प्रश्न विचारले, धड उत्तर मिळालं नाही, आवाज चढले, आणि त्याच आठवड्यात साइट दिसेनाशी झाली. त्यांनी दोन्ही गोष्टी जोडून टाकल्या. मी विचारलं तेव्हा "ब्लॉक केलंय मला" एवढंच म्हणाले आणि पेपर उघडला.

मला ते फार लागलं. देणगीत आलेल्या जुन्या दिवाळी अंकांची यादी बाबा घरी बसून त्या साइटवर चढवतात. अंकाचं नाव, वर्ष, संपादक, दाखल क्रमांक. फाटलेल्या मुखपृष्ठांवरचं साल वाचायला भिंग घेऊन बसतात. मोबाइलच्या पडद्यावर त्यांना हे जमत नाही, मोठा मॉनिटरच लागतो. निवृत्तीनंतर त्यांनी मनापासून धरलेलं काम आहे हे, आणि ते आपल्याकडून काढून घेतलं असं त्यांना वाटतंय.

कार्यवाहांना फोन करू का विचारलं, तर "अजिबात नाही." बरं. मग कॉम्प्युटरलाच विचारायचं.

लग्नाआधी मी हेल्पडेस्कवर काम केलंय. तिथली एक सवय अजून सुटलेली नाही. काय चालत नाही हे ऐकलं की कुठे चालतं ते आधी बघायचं. माझ्या फोनवर मोबाइल डेटावर साइट लगेच उघडली. म्हणजे साइट चालू आहे. डेटा बंद करून घरच्या वायफायवर घेतली, तरी उघडली. म्हणजे राउटर आणि इंटरनेटची लाइनही ठीक. राहिला एकटा बाबांचा कॉम्प्युटर.

आणि या एवढ्यावरच बाबांच्या शंकेचं बरंचसं उत्तर मिळतं. घरातली सगळी यंत्रं राउटरच्या मागे असतात. बाहेरच्या सर्व्हरला, म्हणजे साइट ठेवलेल्या कॉम्प्युटरला, साधारणपणे राउटरचा एकच आकडी पत्ता दिसतो, आत फोन आहे की कॉम्प्युटर हे त्या पत्त्यावरून कळत नाही. खात्री म्हणून दोन्हीकडून आपला बाहेरचा पत्ता काय दिसतो ते पाहिलं. आकडा एकच. वाचनालयाने तो अडवला असता तर माझा फोनही अडला असता.

बाबांनी पेपर खाली घेतला. "आणि माझं नाव अडवलं असेल तर?"

प्रश्न अगदी रास्त होता. पण नाव-पासवर्ड देण्याआधी साइटला समोर कोण बसलंय हे कळणार कसं? जुन्या कुकीजवरून, म्हणजे साइटने ब्राउझरमध्ये ठेवलेल्या खुणांवरून, ओळखू शकते, म्हणून खासगी विंडो उघडली, त्यात जुन्या कुकीज नसतात. मग दुसरा ब्राउझर, ज्यात ही साइट कधी उघडलेलीच नव्हती. दोन्हीकडे तेच. पहिलं पानसुद्धा येत नाही. नाव विचारण्याच्या पायरीपर्यंत आपण पोहोचतच नाही आहोत.

बाबा "हं" म्हणाले. पटलं असं नाही, पण ऐकून घेतलं.

बुधवार

कोपऱ्यावरच्या दुकानदाराने फोनवरच सांगितलं, "ताई, विंडोज नव्याने टाकू, सगळं साफ होईल." साफ होईल यात शंका नाही. पण त्याबरोबर कारणही पुसलं जाईल, आणि बाबा आयुष्यभर हेच म्हणत राहतील की त्यांनी ब्लॉक केलं होतं, मग काढलं असेल. मला साइट चालू करायचीच आहे, पण त्याहून जास्त मला कारण हवंय.

पडद्यावरचा संदेश लोक न वाचता बंद करतात, याचं मला नेहमी वाईट वाटतं. त्यात खूप काही सांगितलेलं असतं. साइटचं नावच सापडलं नाही तर संदेश वेगळा येतो. कॉम्प्युटरचं घड्याळ मागे गेलं असेल, मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपला की जातं तसं, तर सर्टिफिकेटची, म्हणजे साइटच्या ओळखपत्राची, तक्रार येते, आणि तीही एका साइटपुरती नाही, बँकेपासून बातम्यांपर्यंत सगळीकडे. इथे ब्राउझर बराच वेळ फिरत राहतो आणि मग म्हणतो, टाइम्ड आउट. म्हणजे नावावरून पत्ता मिळाला, त्या पत्त्यावर हाकही मारली, पलीकडून कोणी ओ दिली नाही.

तरी संशयितांची यादी संपवली. प्रॉक्सीची, म्हणजे मधल्या सर्व्हरमार्फत बाहेर जाण्याची, सेटिंग्ज कोरी होती. अँटिव्हायरसचं वेब संरक्षण दोन मिनिटं बंद ठेवून पाहिलं आणि लगेच चालू केलं. फरक नाही. आयपीकॉन्फिग फ्लशडीएनएस ही आज्ञा देऊन कॉम्प्युटरने लक्षात ठेवलेले पत्ते पुसून टाकले. तरीही नाही. याने हमखास सुटेल असं मला वाटत होतं, आणि मग पुढचं काही करण्याआधीच लाइट गेले.

गुरुवार, उशिरा

सापडलं.

टाइप करून आज्ञा द्यायच्या काळ्या विंडोत दोन आज्ञा दिल्या. एनएसलुकअप आणि साइटचं नाव, मग पिंग आणि तेच नाव. दोन्हींनी पत्ता छापला. दोन वेगवेगळे पत्ते! एनएसलुकअपने दिलेला पत्ता माझ्या फोनवरून तपासला त्याच्याशी जुळणारा. पिंगने दिलेला तिसराच, आणि त्यावर उत्तर शून्य.

एकाच कॉम्प्युटरवर एकाच नावाचे दोन पत्ते कसे? एनएसलुकअप थेट डीएनएस सर्व्हरला, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या बाहेरच्या सर्व्हरला, जाऊन विचारतो. पिंग, आणि ब्राउझरही, विंडोजला विचारतो. विंडोज बाहेर विचारण्याआधी घरातली एक छोटी फाइल बघतो. तिचं नाव होस्ट्स. सी ड्राइव्हवर विंडोज, त्यात सिस्टम३२, त्यात ड्रायव्हर्स, त्यात ईटीसी, आणि तिथे ही फाइल. या फाइलीत नावापुढे जो पत्ता लिहिलेला असेल तोच खरा मानला जातो. बाहेरचं जग काहीही म्हणो. काल फ्लश करूनही काही बदललं नाही त्याचंही कारण हेच. पत्ते पुसले की विंडोज या फाइलीतल्या नोंदी लगेच पुन्हा भरून घेतो.

या फाइलीबद्दल मला जिव्हाळा आहे. इंटरनेटच्या आधीच्या अर्पानेटवर सगळ्या कॉम्प्युटरांची नावं आणि पत्ते एकाच फाइलीत असत. कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर यांचा चमू ती यादी सांभाळायचा आणि बाकीचे तिथून ताजी प्रत उतरवून घ्यायचे. यंत्रं वाढली तशी ती एक यादी पुरेना. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएसची रचना मांडली, यादी जगभरच्या सर्व्हरांमध्ये वाटली गेली. पण जुन्या पद्धतीची फाइल काही गेली नाही. आजही प्रत्येक विंडोजमध्ये ती आहे. बाबांना हे सांगितलं तेव्हा प्रथमच खुर्ची ओढून शेजारी बसले. चाळीसहून अधिक वर्षांपूर्वीची नोंदवही अजून वापरात आहे, हे त्यांना फार आवडलं.

नोटपॅड अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडायला लागतं, नाहीतर विंडोज बदल साठवू देत नाही, किंवा होस्ट्स टीएक्सटी नावाची दुसरीच फाइल तयार होते आणि काम झालं असं वाटत राहतं. फाइल उघडली. वर मायक्रोसॉफ्टच्या नेहमीच्या सूचना. खाली रिकामी जागा दिसली म्हणून थांबू नये, शेवटपर्यंत सरकवत जावं. अगदी तळाशी दोन ओळी होत्या. वाचनालयाच्या साइटचं नाव, एकदा डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसकट आणि एकदा त्याशिवाय, आणि दोन्हींपुढे तो मुका पत्ता.

"व्हायरस?" बाबांनी विचारलं. नाही वाटत. व्हायरस या फाइलीत शिरतात हे खरं आहे. २००४ मध्ये मायडूम नावाच्या व्हायरसच्या दुसऱ्या अवताराने हेच केलं होतं, अँटिव्हायरस कंपन्यांच्या साइटच उघडू नयेत म्हणून. पण तसल्या नोंदींमध्ये मोठमोठ्या कंपन्यांची नावं असतात. तालुक्याच्या गावातल्या वाचनालयाशी कुठल्या व्हायरसचं वैर असणार? शिवाय हा पत्ता एका खऱ्याखुऱ्या सर्व्हरचा होता.

तो कुठला, हे साइट बनवणाऱ्या मुलाने सांगितलं. त्याला मात्र फोन करायला बाबांची ना नव्हती. साइट नव्याने केली तेव्हा तो बाबांना दाखवायला घरी आला होता. जगासाठी नाव अजून जुन्या सर्व्हरकडे होतं, म्हणून नवी साइट फक्त या कॉम्प्युटरवर दिसावी यासाठी त्याने त्या दोन ओळी घातल्या. ही पद्धत सगळेच वापरतात, त्यात गैर काही नाही. पुढे जगाचाही पत्ता तोच झाला, आणि ओळी राहिल्या तरी कोणाला काही जाणवायचं कारण उरलं नाही. या महिन्यात साइट दुसऱ्या सर्व्हरवर हलली. जगाला नवा पत्ता कळला, बाबांचा कॉम्प्युटर जुन्याच दारावर थापा मारत राहिला. हलवण्याची तारीख विचारली. सभेनंतरचा तिसरा दिवस. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली.

दोन्ही ओळींच्या सुरुवातीला हॅशचं चिन्ह घातलं. त्यामुळे ओळ जागेवर राहते पण विंडोज ती मानत नाही. वर आणखी एक हॅश देऊन तारीख आणि कारण मराठीत लिहिलं, पुढे कोणी उघडलं तर कळावं. फाइल साठवली, ब्राउझर बंद करून पुन्हा उघडला, आणि साइट आली.

रविवार

बाबा सकाळपासून यादीला बसलेत. मधल्या काळात साठलेले अंक टेबलावर सालवार लावून ठेवले आहेत.

काल त्यांनी स्वतःहून कार्यवाहांना फोन केला. साइटचं सगळं सांगितलं, होस्ट्स फाइलीसकट, आणि मनात काय आलं होतं तेही लपवलं नाही. पलीकडून हसण्याचा आवाज आला, मग बराच वेळ दिवाळी अंकांवर बोलणं झालं. ग्रंथखरेदीच्या हिशेबाचा विषय मात्र बाबांनी सोडलेला नाही. तो आता ते लेखी मागणार आहेत, आणि मागायलाच हवा. अर्जाचा मसुदा मला टाइप करायला दिलाय.