चार-सहा महिने गाडी बंद ठेवताना: ठाणे-नवी मुंबईच्या हवेसाठी

मे संपत आला की सोसायटीच्या पार्किंगमध्ये तीन-चार गाड्यांवर कव्हर चढतात. कुणी सहा महिने मुलीकडे परदेशी निघालेलं असतं, कुणी गणपती आटपेपर्यंत कोकणात. किल्ली वॉचमनच्या हातात देताना ठरलेलं वाक्य असतं, "रोज पाच मिनिटं स्टार्ट करून ठेव रे." ऑक्टोबरात परत आल्यावर गाडीची जी दशा दिसते, त्यातली बरीचशी या पाच मिनिटांची करणी असते.

एक लिटर पेट्रोल जळलं की त्यातून जवळपास एक लिटर पाणी तयार होतं, वाफेच्या रूपात. गाडी नीट तापली आणि चालली तर ती वाफ सायलेन्सरमधून निघून जाते. पाच मिनिटं जागेवर चालू ठेवली तर साधारण कटिंग चहाच्या ग्लासएवढं पेट्रोल जळतं, म्हणजे तेवढंच पाणीही तयार होतं. सायलेन्सर अजून थंडच असतो, त्यामुळे त्यातलं बरंचसं आतल्या पत्र्यावर दव होऊन बसतं. थोडी वाफ पिस्टनच्या रिंगांजवळून खाली ऑइलमध्ये उतरते. ऑइल ८०-९० अंशांपर्यंत तापून काही वेळ तसंच राहिलं तरच ती उडते, आणि जागेवर उभ्या गाडीत पाच मिनिटांत ते होत नाही. ऑइलचं झाकण उघडून खालची बाजू बघा. तिथे सायीसारखा पिवळट थर दिसला तर आत ओल साचली आहे.

म्हणून दोनच पर्याय. विश्वासू माणूस असेल तर पंधरा दिवसांतून एकदा गाडी बाहेर काढून १५-२० किलोमीटर फिरवायची, एसी दहा मिनिटं चालू ठेवायचा. तसा माणूस नसेल तर गाडी स्टार्टच करायची नाही. मधला मार्ग सगळ्यात वाईट.

जागा आधी ठरवा. लोखंडाला गंज धरायला हवेतली आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की पुरते, आणि मीठ असेल तर त्याहून कमीही चालते. आपल्याकडे जुलैत ती ८५ च्या पुढे असते. ऐरोली, वाशी, नेरूळच्या खाडीकाठच्या इमारतींत वाऱ्याबरोबर मीठ येतं. ठाणे-बेलापूर रोडच्या बाजूला एमआयडीसीची धूळ त्यात भर घालते. स्टिल्टखालची, म्हणजे इमारतीच्या खांबांमधली, वारा खेळता असलेली जागा मिळाली तर बंद बेसमेंटपेक्षा ती घ्या. पझल पार्किंग (यंत्राने गाड्या वर-खाली सरकवणारं) असेल तर खड्ड्यातली खालची पॅलेट नको. नवी मुंबईचा बराच भाग भराव घालून उभा आहे आणि पाण्याचा निचरा होल्डिंग पाँडवर, म्हणजे भरतीच्या वेळी पावसाचं पाणी साठवणाऱ्या तळ्यांवर चालतो. ४.५ मीटरच्या वरची भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आला की पाणी उलटं चढतं. वॉचमनला एक गोष्ट स्पष्ट सांगा: गाडीत पाणी शिरलं तर ती स्टार्ट करायची नाही, ढकलून बाहेर काढायची. पाणी ओढलेलं इंजिन फिरवलं की कनेक्टिंग रॉड वाकतो. इंजिनचं वेगळं संरक्षण घेतलेलं नसेल तर विमा कंपनी तो खर्च सहसा देत नाही.

शेवटच्या आठवड्यात ऑइल आणि फिल्टर बदला. छोट्या हॅचबॅकला साधारण तीन ते साडेतीन लिटर लागतं. 'अजून दोन हजार किलोमीटर बाकी आहेत' हा हिशेब इथे चालत नाही, कारण वापरलेल्या ऑइलमध्ये आम्ल आणि ओल दोन्ही असतात आणि बेअरिंगच्या पृष्ठभागावर ते सहा महिने बसून राहतं. ब्रेक ऑइल दोन वर्षांपेक्षा जुनं असेल तर तेही बदला. ते हवेतलं पाणी ओढून घेतं. कूलंटमध्ये नळाचं पाणी भरत आला असाल तर आता तरी कंपनीने सांगितलेलं कूलंट भरून घ्या.

इंधनाची टाकी भरून ठेवा, पंपाचं नोझल आपोआप बंद होईपर्यंत. टाकी जितकी रिकामी, तितकी आत हवा, आणि हवेबरोबर ओल. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते पाणी शोषून घेतं. शोषणाची मर्यादा ओलांडली की इथेनॉल-पाणी वेगळं होऊन तळाशी बसतं, आणि पंप नेमका तळातूनच ओढतो. तीन महिन्यांपेक्षा जास्त ठेवणार असाल तर फ्यूएल स्टॅबिलायझर (पेट्रोल लवकर खराब होऊ न देणारं रसायन) बाटलीवरच्या प्रमाणात टाका आणि मग दहा किलोमीटर फिरवून आणा, म्हणजे ते इंजेक्टरपर्यंत पोचतं. सीएनजीवाले इथे हमखास चुकतात: पेट्रोलचा काटा वर्षभर तळाशी आणि त्यातलं पेट्रोल मागच्या दिवाळीचं. तेवढं जाळून टाकून नवीन भरा, शेवटची फेरी पेट्रोलवर मारा आणि सिलिंडरचा हाताने फिरवायचा व्हॉल्व्ह बंद करा. सिलिंडरची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाखालची चाचणी, दर तीन वर्षांनी लागते. प्लेटवरची तारीख तुमच्या गैरहजेरीत संपत नाही ना, पाहून घ्या. डिझेल गाडीत फिल्टरखालचा स्क्रू सैल करून साचलेलं पाणी काढा. डिझेल आणि पाणी जिथे भेटतं तिथे जंतू वाढतात आणि काळा चिकट गाळ होतो.

बॅटरीचं गणित सरळ आहे. बंद गाडीही अलार्म, घड्याळ आणि कंट्रोल युनिटसाठी साधारण ३० मिलिअँपिअर खात राहते. म्हणजे दिवसाला ०.७२ अँपिअर-तास. छोट्या गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-तासाची असेल तर २४-२५ दिवसांत ती अर्ध्यावर येते. बाहेरून बसवलेला डॅशकॅम किंवा जीपीएस असेल तर त्याच्याही आधी. अर्धवट बॅटरी पडून राहिली की तिच्या प्लेटांवर शिशाच्या सल्फेटचे कडक खडे धरतात, आणि मग कितीही चार्ज केली तरी ती पूर्वीसारखी होत नाही. मल्टिमीटरवर १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी. १२.४ च्या खाली फार दिवस ठेवू नका.

पार्किंगमध्ये प्लग असेल तर स्मार्ट चार्जर लावून ठेवणं उत्तम. बहुतेक सोसायट्यांत तो नसतो. मग आधी पूर्ण चार्ज करून १० नंबरच्या पान्याने निगेटिव्ह टर्मिनल सोडवा, फक्त निगेटिव्ह, आणि ते जुन्या टी-शर्टच्या तुकड्यात गुंडाळून बाजूला ठेवा. पॉझिटिव्ह आधी सोडायला जाल आणि पाना बॉडीला लागला तर ठिणगी उडते. सोडण्याआधी किफॉबमधली (रिमोटमधली) धातूची किल्ली काढून तिने दार उघडतं ना, हे एकदा करून पाहा. बॅटरी नसलेल्या गाडीत शिरायला तीच उपयोगी पडते. डिकी इलेक्ट्रिक असेल आणि बॅटरीच डिकीत असेल तर दोनदा विचार करा, नाहीतर डिकी बंद झाल्यावर बॅटरीपर्यंत पोचणं अवघड होतं.

हँडब्रेक ओढून ठेवू नका. मागच्या ड्रममध्ये लायनर आणि ड्रम यांच्यामध्ये गंज धरला की दोन्ही एकमेकांना चिकटतात. गाडी धुतल्यावर लगेच कव्हर घालण्याची चूकही करू नका. आधी दहा-पंधरा किलोमीटर चालवा, मधूनमधून ब्रेक दाबत, म्हणजे डिस्क आणि ड्रम कोरडे होतात. मग पहिल्या गिअरमध्ये उभी करा, ऑटोमॅटिक असेल तर पी मध्ये, आणि दोन चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे किंवा विटा लावा. इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक असेल तर तो आपोआप लागू नये म्हणून काय करायचं ते मॅन्युअलमध्ये पाहा, नाहीतर बॅटरी बसल्यावर सुटतच नाही.

टायरमध्ये नेहमीपेक्षा पाच-सहा पीएसआय जास्त हवा भरा, टायरच्या बाजूला लिहिलेल्या कमाल आकड्याच्या आतच. महिन्यातून एकदा गिअर न्यूट्रल करून दोघांनी ढकलून चाकाचा अर्धा फेरा पुढे घेतली तरी एकाच जागी दाब पडत नाही. गिअर आणि विटा मात्र परत लावायच्या.

बुरशी हा आपल्या भागातला खरा त्रास आहे. स्टिअरिंगवर पांढरे ठिपके, पट्ट्यांवर करडे डाग, दार उघडताच गोधडीसारखा कुबट वास. शेवटच्या फेरीत घरी पोचायच्या आधी एसी बंद करून ब्लोअर दहा मिनिटं पूर्ण वेगात चालवा, म्हणजे एव्हापोरेटर (एसीचा हवा थंड करणारा भाग) वाळतो. नंतर हवेचं बटण आतल्या हवेवर ठेवा. त्याने बाहेरच्या हवेचं झाकण बंद होतं आणि उंदरांचा एक रस्ताही कमी होतो. मॅट काढून घरी न्या. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून वाळवा. बिस्किटांचा चुरा, वेफर्सचा कागद, पाण्याची बाटली काहीही आत राहू देऊ नका. ओल शोषणारे अर्धा-अर्धा किलोचे दोन डबे ठेवा, पण खोलगट ट्रेमध्ये. कॅल्शिअम क्लोराइडचे डबे भरल्यावर त्यांत खारट पाणी होतं, ते सांडलं की सीटखालचा पत्रा आणि वायरिंगचे जोड खातं.

वायपरखालची जाळी उघडून पानं काढा. रस्त्याकडेच्या सोनमोहरांची बारीक पानं तिथे साचतात, निचऱ्याचं भोक बुजतं आणि पाणी ब्लोअरमधून पायाशी उतरतं. मगभर पाणी ओतून ते चाकामागून खाली पडतं का पाहा. सनरूफ असेल तर त्याच्या चारही कोपऱ्यांचंही तेच, आणि दारांच्या खालच्या कडेच्या भोकांचंही.

उंदीर आणि घुशी. बॉनेटखाली त्यांना ऊब आणि आडोसा मिळतो, आणि जवळ कबुतरांना दाणे टाकणारे कुणी असेल तर जेवणही. एअर फिल्टरच्या तोंडाला आणि हवेच्या जाळीला ६ मिलिमीटरची तारेची जाळी बांधा. सायलेन्सरच्या तोंडात जाळीचा गोळा बसवा. डांबरगोळ्या ठेवल्या तर फक्त बॉनेटखाली आणि कापडी पुरचुंडीत. आत ठेवल्यात तर तो वास वर्षभर जात नाही.

कव्हर प्लास्टिकचं नको. आतली वाफ बाहेर जात नाही आणि रंगावर पांढुरके फोड येतात. छताखाली साधं सुती कव्हर पुरतं. उघड्यावर असेल तर हवा खेळू देणारं, पाणी अडवणारं घ्या. तेही परवडत नसेल तर वॅक्स करून कव्हरशिवाय ठेवलेली गाडी प्लास्टिकच्या कव्हरातल्या गाडीपेक्षा बरी.

विमा मध्येच संपत असेल तर आधीच नूतनीकरण करा. ९० दिवसांच्या वर खंड पडला की नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) जातो आणि परत घेताना गाडीची तपासणी लागते.

शेवटी एक कागद स्टिअरिंगला बांधा: बॅटरी सोडली आहे, हँडब्रेक लावलेला नाही, सीएनजी व्हॉल्व्ह बंद, सायलेन्सर आणि फिल्टरला जाळी, टायरमध्ये जास्त हवा. सहा महिन्यांनी यातलं निम्मं आठवत नाही.

परत आल्यावर किल्ली लावण्याआधी बॉनेट उघडा. फिल्टरचा डबा खोलून घरटं नाही ना पाहा, वायरी कुरतडलेल्या नाहीत ना, खाली तेलाचे डाग नाहीत ना. ऑइल, कूलंट, ब्रेक ऑइलची पातळी बघा. जाळ्या काढा, हवा नेहमीच्या आकड्यावर आणा, शेवटी निगेटिव्ह टर्मिनल जोडा. इग्निशन ऑन करून पाच सेकंद थांबा, बंद करा. असं तीनदा केलं की पंप इंधनाचा दाब पुन्हा उभा करतो. मग स्टार्ट करा आणि ऑइलचा दिवा जाईपर्यंत अॅक्सिलरेटरला हात लावू नका. काचा खाली-वर करायचं ऑटो बटण चालेना तर घाबरू नका, बॅटरी सोडल्यावर ते पुन्हा शिकवावं लागतं.

ब्रेक दाबल्यावर पहिली दहा-बारा वेळ खरखर आवाज येतो, तो डिस्कवरच्या वरवरच्या गंजाचा. मागचं चाक अडकलेलं वाटलं तर पहिला आणि रिव्हर्स गिअर आलटून पालटून हलकेच टाका. तरी सुटलं नाही तर चाक काढून ड्रमवर लाकडी हातोड्याने ठोका, जबरदस्तीने ओढू नका. पहिली फेरी घोडबंदरला किंवा पाम बीचला नको, सेक्टरच्या आतल्या रस्त्यावर घ्या. दहा किलोमीटर झाले की थांबून चारही रिमजवळ हात न्या, न लावता. एखादं बाकीच्यांपेक्षा जास्त गरम असेल तर त्याचा ब्रेक अडकलेला आहे. गाडी तशीच गॅरेजला न्या.