महापे डेटा सेंटर: सर्व्हरचा बीएमसी बसवण्याची फेरी आणि पुढे जाणाऱ्यांसाठी सूचना

पुरवठादाराच्या माणसाने पुण्यात छातीठोकपणे सांगितले होते की आयपीएमआयच्या (सर्व्हर दूरवरून हाताळण्याच्या पद्धतीच्या) पोर्टात केबल खोचली की बीएमसी (सर्व्हर बंद असतानाही त्याचा ताबा देणारा बोर्डावरचा छोटा संगणक) आपोआप नेटवर्कवर येतो आणि उरलेले काम घरी बसून उरकते. या भरवशावर कोणीही महाप्याला जाऊ नये. रॅक, रेल आणि व्हीलॅन (स्विचवर वेगळे पाडलेले नेटवर्क) आपल्याला हाताळता येतात, असे गृहीत धरून पुढचे लिहीत आहे.

अडचण एकच होती, पण तिने रात्र खाल्ली. अनेक बोर्डांवर बीएमसीचे पोर्ट कारखान्यातूनच ‘फेलओव्हर’वर ठेवलेले असते, वीज मिळताना स्वतंत्र पोर्टावर लिंक दिसली तर बीएमसी ते धरतो, नाहीतर सर्व्हरच्या पहिल्या लॅन पोर्टावर जाऊन बसतो. आम्ही पोचून मॅनेजमेंटची केबल लावण्याआधीच तिथल्या कर्मचाऱ्यांनी विजेच्या दोन्ही केबली लावून ठेवल्या होत्या. परिणामी पोर्टाचा हिरवा दिवा लुकलुकत होता, स्विचवर लिंक दिसत होती, पण पिंगला उत्तर नव्हते. कारण बीएमसी प्रॉडक्शनच्या, म्हणजे रोजच्या कामाच्या नेटवर्कच्या, डीएचसीपीकडून (पत्ते वाटणाऱ्या सेवेकडून) पत्ता घेऊन निवांत बसला होता. हे नुसते गैरसोयीचे नाही, घातक आहे. आयपीएमआय २.० मध्ये खरे वापरकर्तानाव सांगणाऱ्या कोणालाही, ओळख पटण्याआधीच, पासवर्डचा हॅश (त्यापासून बनवलेला सांकेतिक ठसा) मिळतो. म्हणून आयपीएमआयचे यूडीपी ६२३ हे पोर्ट बाहेरच्या जगाला कधीही उघडे ठेवू नये.

उपाय असा: लॅपटॉप त्याच प्रॉडक्शनच्या व्हीलॅनमध्ये लावून बीएमसीच्या वेब पानावर पोर्ट ‘डेडिकेटेड’ (फक्त स्वतंत्र पोर्ट) करावे, मग मॅनेजमेंटची केबल जागेवर ठेवून दोन्ही वीजकेबली काढून पुन्हा लावाव्यात. मॉनिटर-कीबोर्डची ट्रॉली मागवू नका. दहा मिनिटांच्या वापराला पूर्ण तासाचे पैसे लावतात, आणि ही निव्वळ लूट आहे. २०२० पासून सुपरमायक्रोच्या बोर्डांना एकच ठरलेला पासवर्ड नसतो, त्यामुळे सर्व्हर रॅकमध्ये सरकवण्याआधी पासवर्डच्या स्टिकरचा फोटो काढावा.

दुसऱ्या दिवशीची कामे सुरळीत झाली.

मात्र चाचणी घेतल्याशिवाय तिथून हलू नये. प्रॉडक्शनच्या सगळ्या केबली उपटून, सर्व्हर बंद करून, तो फक्त मोबाइलच्या नेटवर्कवरून व्हीपीएनद्वारे सुरू करून पाहावा. सिरीयल कन्सोलवर (दूरवरून दिसणाऱ्या सर्व्हरच्या मजकुरी पडद्यावर) बायोस दिसला म्हणून हुरळून जाऊ नये. कर्नलला (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला) चुकीचे सिरीयल पोर्ट सांगितलेले असेल तर ग्रबनंतर (सिस्टिम सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमनंतर) पडदा कोराच राहतो. व्हर्च्युअल मीडियावरून (दूरवरून जोडलेल्या आभासी डिस्कवरून) पूर्ण आयएसओ, म्हणजे इन्स्टॉलेशन डिस्कची फाइल, चढवण्याचा नाद सोडावा, बाकीचे नेटवर्कवरून उतरवणारी लहान नेटबूट प्रतिमा पुरते. काही कंपन्यांच्या सर्व्हरवर ऑपरेटिंग सिस्टिम सुरू झाल्यानंतरच्या ग्राफिकल कन्सोलसाठी वेगळा परवाना विकत घ्यावा लागतो; तो किमतीत धरला आहे का, हे खरेदीआधी लेखी विचारावे.