तुटलेलं टोक आधी बघा

तंगूस, म्हणजे मासे धरायच्या गळाची दोरी, तुटला की पंचगंगेच्या काठावर एकच वाक्य ऐकू येतं: "मालच बोगस हाय." मग तुटलेलं टोक पाण्यात, आणि पुढच्या रविवारी दुकानातनं नवीन रीळ. महिन्याभरात तोही तुटतो. माझं सांगणं एवढंच आहे की तुटलेलं टोक टाकू नका. तुटण्याचं कारण त्या टोकावरच असतं.

मी शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत तपासणी विभागात काम करतो. फुटलेलं कास्टिंग परत आलं की आमच्याकडं फुटीच्या तोंडाला कुणी हात लावत नाही, दोन तुकडे एकमेकांवर घासून बघत नाही. आधी उजेडात धरून फूट कुठनं सुरू झाली ते बघायचं, मग बोलायचं. गळाच्या बाबतीत मी तेच करतो. खिशात एक भिंग असतं.

नायलॉनचा साधा तंगूस घेऊ, कारण आपल्याकडं बहुतेक लोक तोच वापरतात. टोक कुरळं झालं असेल, डुकराच्या शेपटीसारखं पीळ घेतलेलं, तर तंगूस तुटलेलाच नाही. गाठ सरकून सुटली आहे. टोक ब्लेडनं कापल्यासारखं सपाट असेल तर धारदार काहीतरी लागलंय. दगडाची धार, बाटलीची काच, नाहीतर गळाच्या नाक्याची, म्हणजे तंगूस ओवायच्या कडीची, न मिटलेली फट. स्वस्तातल्या गळांचं नाकं वळवताना पूर्ण बंद होत नाही. ताण आला की तंगूस त्या फटीत घुसतो आणि कापला जातो. नवीन पाकीट फोडलं की प्रत्येक नाकं भिंगाखाली बघा, फट दिसली तर तो गळ बाजूला. टोक ओढलं जाऊन बारीक आणि दुधाळ पांढरं झालं असेल तर ताकदीपेक्षा जास्त ओढ बसलीय. आणि एका बाजूनं खरखरीत, कुसं निघालेली, दुसऱ्या बाजूनं गुळगुळीत, असं टोक म्हणजे घासणं. ते एका दिवसाचं काम नसतं, बरेच दिवस चाललेलं असतं.

या घासण्यावरच माणसं सगळ्यात जास्त फसतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

माझा भाचा गेल्या हिवाळ्यात रॉड घेऊन आला. "मामा, तिसरा तंगूस गेला ओ. दुकानदार म्हणतोय जाड वापर."

"टोक आणलंयस?"

"टोक कशाला?"

टोक नव्हतं, पण रिळावर उरलेला तंगूस होता. तो मी अंगठ्याच्या नखावरनं हळूहळू ओढत नेला. ही सगळ्यात सोपी तपासणी आहे, डोळ्याला न दिसणारं नखाला कळतं. आता बघायचं असतं की खरखर कुठं लागते. फक्त गळाकडच्या शेवटच्या दोन-तीन हातांत लागली तर दोष पाण्यातला: दगड, झाडाचं खोड, माशाचे दात. ठरावीक एकाच जागी लागली तर रिळावरची एखादी जागा, म्हणजे तंगूस अडकवायची चाप किंवा तंगूस ज्यावर गुंडाळला जातो त्या डबीच्या कडेला पडलेला टवका. आणि सगळीकडं, लांबच्या लांब लागली, तर दोष रॉड-रिळावर. तंगूस जिथनं रोज पळतो तिथंच काहीतरी त्याला खातंय.

त्याची खरखर लांबच्या लांब होती. मग रॉडवरच्या रिंगा, ज्यांतनं तंगूस पळतो. कापसाचा बोळा घेऊन मी एकेका रिंगेच्या आतनं फिरवला. चिनी मातीच्या अस्तराला केसाएवढी चीर असली तरी कापसाचा धागा तिथं अडकतो. मधल्या सगळ्या रिंगा साफ. टोकाच्या रिंगेतही काही अडकलं नाही, आणि तिथंच बहुतेक माणसं थांबतात. फेकलेला तंगूस परत ओढताना ज्या छोट्या रोलरवरनं वळून डबीवर येतो, तो रोलर बघितलाच जात नाही. भाच्याला म्हटलं, तंगुसाला ताण दे आणि हँडल हळू फिरव. तंगूस पळत होता, रोलर जाग्यावर. आत नदीचा गाळ आणि जुनं ग्रीस यांचं घट्ट किटण बसलं होतं. फिरायचा तो रोलर फिरत नव्हता, म्हणून तंगूस एकाच रेषेत घासत होता, आणि त्या रेषेत धातूला बारीक खाच पडली होती. खाच पडली की तिच्या दोन कडा चाकूचं काम करतात.

तीन तंगूस त्या एका खाचेनं खाल्ले. चौथा, दुप्पट जाडीचा, थोडा जास्त टिकला असता एवढंच. रोलर उघडून रॉकेलमध्ये धुतला, खाच पडलेली म्हणून बदलला, तेलाचा एक थेंब टाकला. मग नवीन तंगूस भरून लगेच नदीवर न जाता मोकळ्या मैदानात, गळाऐवजी नुसतं शिसं बांधून, बराच वेळ फेकायला आणि ओढायला लावलं. नंतर परत नखावरनं ओढला. गुळगुळीत. म्हणजे दोष तिथंच होता. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे कामावरचं वळण मला इथंही सोडवत नाही. रोलर, तंगूस, गळ असं सगळं एकदम बदललं तर तुटणं थांबेलही, पण का थांबलं ते कळणार नाही.

विणलेली दोरी, म्हणजे ब्रेड वापरणाऱ्यांनी टोकाची रिंग जास्त जपावी. ही दोरी पॉलिथिलीनच्या धाग्यांची असते, जाडीच्या मानानं भलतीच ताकदवान, आणि वाळू-गाळ घेऊन पळताना मऊ धातूच्या रिंगेत खाच पाडते. मग त्याच रॉडवर कुणी नायलॉन भरला की तो कुसं धरतो. या दोरीचं दुसरं दुखणं उष्णतेचं. तिचा धागा 130-140 अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतो, नायलॉन 220 च्या पुढं. कोरडी गाठ झटक्यात आवळली की घर्षणानं त्या जागेला चटका बसतो. म्हणून गाठ कुठल्याही दोरीची असो, आवळण्याआधी थुंकीनं ओली करायची आणि हळू ओढायची. नायलॉनला स्वतःभोवतीच वेढे देणारी गाठ चालते. ब्रेड गुळगुळीत असल्यामुळं त्याच गाठीतनं सरकतो, त्याला दुहेरी दोरी नाक्यातनं घेऊन बांधायची पालोमर गाठ बरी.

वाऱ्यात फेकताना मधेच आपोआप साधी गाठ पडते, तीही बघत चला. अशा एका गाठीनं तंगुसाची ताकद जवळपास निम्म्यावर येते. सोडवत बसू नका, तिथंच कापा.

आता आपल्या नदीबद्दल. राजाराम बंधाऱ्यावर गळ टाकणाऱ्यांचा तंगूस इतरांपेक्षा जास्त तुटतो, आणि माशांना दोष दिला जातो. पण रोहू-कटल्याच्या जबड्यात दातच नसतात, असतात ते घशात. टोक सपाट कापलेलं आणि गळाला लागलेला मासा रोहू, असं असेल तर दगडाकडं बघा. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याचे खांब काळ्या दगडाचे, त्यांना बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, बसवायच्या उभ्या खाचा. पावसाळ्याआधी बरगे काढले की त्या खाचांच्या कडा उघड्या राहतात, आणि ओढ लागलेला मासा नेमका खांबाभोवती वळसा मारतो. नदी 39 फुटांच्या इशारा पातळीच्या वर जाऊन उतरली की खांबांत काटेरी फांद्या, तारा, पोती अडकलेली राहतात. पूर ओसरल्यावर पहिल्या काही दिवसांत तिथं मासा असतो हे खरं, पण तंगुसाचे शेवटचे दोन हात दर थोड्या वेळानं नखावरनं तपासा आणि खरखर लागली की कापून गाठ नव्यानं मारा. मरळीला मात्र दात आहेत. मरळीसाठी पुढचा हातभर तुकडा जाड लावावा. चिलापीच्या पाठीचे काटेही कमी नाहीत, तिला आवरताना तंगूस तिच्या अंगावरनं घासू देऊ नका.

पांढऱ्या, ओढलेल्या टोकाचं उत्तर रिळाच्या ब्रेकमध्ये, जो ठरावीक ओढीला तंगूस सोडतो. ब्रेक तंगुसाच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश एवढा ठेवावा. आठ किलोच्या तंगुसाला दोन-अडीच किलोला रीळ सुटलं पाहिजे. हाताचा अंदाज इथं चालत नाही, स्प्रिंगचा काटा लावून बघा. नायलॉन भिजल्यावर दहा-वीस टक्के ताकद सोडतो, गाठ आणखी थोडी खाते, म्हणून पाकिटावरचा आकडा नदीत मिळत नाही.

नायलॉन 1935 साली अमेरिकेत ड्यू पाँटच्या प्रयोगशाळेत वॉलेस कॅरोदर्सच्या हाताखाली तयार झाला. तेव्हापासून आजपर्यंत त्याची उन्हाशी दुष्मनी संपलेली नाही. मोटारसायकलला बांधलेला रॉड दिवसभर गेटबाहेर उन्हात राहिला तर तंगूस हळूहळू ठिसूळ होतो. तो ओढून पाहिला तर लांबत नाही, कट्‌कन जातो, टोकावर ना पीळ ना कुसं. दुकानाच्या काचेत मांडलेलं रीळही घेऊ नका, आतल्या कपाटातलं मागा. एवढं एक दुकानदाराला सांगायला लाजू नका.

आणि कापलेला तंगूस. हे मी दरवेळी बोलतो आणि बोलत राहणार. आपल्या नदीवर पाणकावळे आहेत, बगळे आहेत, खंड्या आहे. काठावर टाकलेला तंगूस पायात अडकून पाय काळा पडलेला बगळा मी बघितला आहे, धरताही आला नाही. तंगूस कुजत नाही. माझ्या पिशवीत रिकामी पाण्याची बाटली असते, कापलेला प्रत्येक तुकडा तिच्यात. भरली की बूच लावून घरच्या कचऱ्यात, बाटलीसकट. दुसऱ्यांचा काठावर पडलेला दिसला तरी तोही त्यातच जातो. तपासायचं टोक मात्र वेगळ्या डबीत, चिठ्ठी लावून: कुठल्या जागी तुटलं, कुठल्या माशाला, गाठीपासून किती लांब. भाचा आता डबी घेऊन येतो, आणि मी विचारायच्या आधी टोक माझ्या हातावर ठेवतो.