खालच्या काकूंचा माळा

रविवारी सकाळी बेल वाजली. दारात खालच्या काकू. हातात वाटी नाही, म्हणजे प्रकरण गंभीर. "तुमचं पाणी येतंय हो आमच्याकडे," त्या म्हणाल्या. कुठल्या खोलीत येतंय हे विचारल्यावर कळलं, की 'पाणी' हा शब्द त्यांनी निव्वळ सभ्यपणा म्हणून वापरला होता.

आमच्याकडे सगळं ठाकठीक. फ्लश चालतोय, फरशी कोरडी. तरी काहीतरी केल्यासारखं दिसावं म्हणून संडासाच्या भांड्याभोवती व्हाइट सिमेंट भरलं. नखं पांढरी झाली, बाकी फरक शून्य. तिसऱ्या दिवशी काकू पुन्हा दारात.

मग खाली गेलो. आमची बिल्डिंग १९७८ ची. संडासाचा स्लॅब खाली दाबून पाइप त्याच्या पोटात लपवायचे लाड इथे कोणी केले नाहीत. त्यामुळे आमच्या भांड्याखालचा ट्रॅप, म्हणजे पाणी अडवून धरणारा वाकडा पाइप, थेट काकूंच्या संडासात लोंबतोय. २२ वर्षं माझ्या घराचा एक अवयव बिनभाड्याने त्यांच्याकडे राहतो, हे मला तेव्हा कळलं. तो दिसू नये म्हणून काकांनी हयातीत खाली माळा करून घेतला होता. तो रिकामा करायला तास गेला. पितळी घंगाळ, गणपतीचं मखर, दोन आकाशकंदील, बंद पडलेला मिक्सर आणि 'याला हात लावू नका' असं बजावून उतरवलेलं एक गाठोडं.

टॉर्च मारला. चार इंची बीडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, काळा पाइप, अंगावर क्षारांचे पांढरे-तांबूस ओघळ, आणि ट्रॅपच्या बाकाला तळाशी एक थेंब. फुगायचा, लांबायचा, सुटायचा. मी मोजलं, ११ सेकंदांना एक.

मिस्त्री आले आणि त्यांनी आधी घरातली नीळ मागितली. वर भांड्यात ओतली, आणि खाली आम्ही तिघं माना वर करून ग्रहण बघावं तसे उभे. पाऊण तासाने थेंब निळा झाला. काकूंनी माझ्याकडे पाहिलं. बोलल्या काहीच नाहीत.

"वास येत होता का मधूनमधून?" मिस्त्रींनी विचारलं. येत होता. "मग काय करायचात?" ॲसिड ओतायचो. मिस्त्री हसले. ट्रॅपच्या बाकात दोन इंच पाणी कायम साठलेलं असतं, ते गटाराचा वास वर येऊ देत नाही. तळाला भोक पडलं, की पाणी उतरतं आणि वास सुटतो. वास आला, की मी ॲसिड ओतणार. ॲसिड त्याच बाकात साचून बीड खाणार, भोक मोठं होणार आणि वास वाढणार. इतकी वर्षं मी दर रविवारी, शिट्टी वाजवत, काकूंचं छत पोखरत होतो.

बाकाची ही युक्ती तशी जुनी. १७७५ साली लंडनमध्ये तिचं पेटंट घेणारा अलेक्झांडर कमिंग पेशाने घड्याळजी होता. त्याच वर्षी आमचे राघोबादादा इंग्रजांशी सुरतेचा तह करत होते. इंग्रजांकडून घ्यायचंच होतं काही, तर हे घ्यायचं!

मिस्त्रींनी ट्रॅप फोडायला घेतला. बीड वाकत नाही, फुटतं. त्यामुळे बेताने ठोकायचं. जुन्या सांध्यातून शिशाची कडी निघाली. त्यांचे वडील असे सांधे भरायचे. आधी तागाचा दोर ठासायचा, वर वितळलेलं शिसं ओतायचं. सांध्यात ओल राहिली असेल तर ते अंगावर उडायचं. गार होताना शिसं आकसतं, म्हणून मग छिन्नीने गोल फिरत ठोकून बसवायचं. "आता कोण करतंय," म्हणत त्यांनी पीव्हीसीचा ट्रॅप बसवला, दोर सिमेंटच्या रबडीत बुडवून सांध्यात ठासला आणि ती शिशाची कडी पिशवीत टाकली. भंगारात किलोवर जाते.

दीड दिवस आमचा संडास बंद. समोरच्यांकडे किल्ली मागून जात होतो. शेजारधर्माचा असा कस कुठल्याच सत्यनारायणाला लागला नव्हता.

माळा लगेच भरायला काकू तयार होईनात. त्यांनी फळीवर कोरा पेपर पसरला आणि सांध्याच्या बरोबर खाली घंगाळ ठेवलं. "आठवडाभर बघू," म्हणाल्या. त्या रात्री साडेअकराला मी फ्लश ओढला, हात धुतले, आडवा झालो. तेवढ्यात फोन वाजला.

"आत्ता तुम्हीच ना?" काकू म्हणाल्या. "कोरडं आहे. झोपा."